उर्जाने मोजलेल्या शिट्ट्या

कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या होत्या आणि माझी मुलगी उर्जा म्हणाली, दोन. ही रविवारची गोष्ट. आता बुधवार संपून गुरुवार लागला, तरी ते दोन आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. ती ओट्यापाशी, कुकरपासून हातभर अंतरावर काकडी चोचवत होती.

"किती झाल्या गं?" मी आत येत विचारलं.

"दोन. अजून एक होऊ दे."

मी शेगडी बंद केली. जेवताना भास्कर, माझा नवरा, खुशीत म्हणाला, "आज वरण अगदी एकजीव झालंय!" उर्जा वरणाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मी तिच्या ताटात भात वाढला. एरवी संध्याकाळपर्यंत लोळणारी मुलगी कॉफीही न घेता शेजारच्या माइंझ शहरात आपल्या खोलीवर निघून गेली.

उर्जाला एकाच कानाने ऐकू येतं. चार वर्षांची असताना पुण्यात तिला गालफुगी झाली आणि डावा कान कायमचा गेला. पुढच्याच वर्षी भास्करच्या नोकरीमुळे आम्ही जर्मनीत र्युसेल्सहाइमला आलो. इथली भाषा ती एका कानाने आणि बाईंच्या ओठांकडे बघून शिकली. जे कानाने कळत नसे ते ती तळहाताने शोधायची. नऊ वर्षांची असेल, वॉशिंग मशीनवर हात ठेवून म्हणाली, "आई, हे आतून लंगडतंय." दुरुस्तीवाल्याने मशीन उघडलं, तर बेअरिंग गेलेलं. मी घरून ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले की शिट्ट्या मोजायचं काम तिचं. दारातून बोटं दाखवायची, एक, दोन, तीन. कधी चुकली नाही.

शाळा संपल्यावर ड्रेस्डेनला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. तो सोडून तिने इथल्याच एका गॅरेजात आउसबिल्डुंग घेतलं. साडेतीन वर्षं, काम करत शिकायचं. मी आठवडाभर धड जेवले नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझ्या मैत्रिणीने, मालिनीने, सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं उर्जा, अजून गाड्याच धुतेस का?"

"नाही मावशी, धुत नाही. उटणं लावून अभ्यंगस्नान घालते."

हसण्यात मालिनीही सामील झाली आणि मी त्या दिवसापासून मुलगी काय करते हे सरळ सांगायला लागले.

त्या गॅरेजात अमेरिकन गाड्या येतात. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी तिकडे रुंद खांद्यांच्या, डरकाळ्या फोडणाऱ्या गाड्या निघत. त्याच चेहऱ्याच्या गाड्या कंपन्यांनी पुन्हा काढल्या, आतून नव्या. मस्टँग, चॅलेंजर. जहाजातून इथे आल्या तरी तशाच रस्त्यावर आणता येत नाहीत. मागचे लाल इंडिकेटर नारिंगी करावे लागतात, आवाज मर्यादेत बसवावा लागतो, मग तपासनीस पास करतो. ते सगळं उर्जा बघते. एकदा एका गिऱ्हाइकाने तिला बघून विचारलं, "मेकॅनिक कुठे आहे?" ती म्हणाली, "तुमच्या गाडीखाली होते, आत्ताच बाहेर आले." तो माणूस आता दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू देत नाही.

गॅरेजचे मालक फोग्ट भला माणूस आहे. या गाड्यांची विजेवरची नवी पिढी येतेय, त्या विभागात त्यांनी तिला बोलावलं होतं. मला किती बरं वाटलं होतं! तिने नाही म्हटलं.

"आई, त्या गाडीला आवाजच नाही. स्पीकर लावून डरकाळी ऐकवतात. तुला चालेल का स्पीकरवर फोडणी?"

"कान राहिला तर मला स्पीकरवरचीही चालेल."

"आल्झो आई, परत सुरू करू नकोस ना." वैतागली की तिच्या तोंडी जर्मन येतं.

कानांवर लावायचे जाड मफ तिथे सक्तीचे आहेत. पण बिघाड शोधताना ती उजवा मफ वर सरकवते. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "तू एक कान झाकलास तर तुझा दुसरा उरतो. मी झाकला की दुकान बंद." दरवर्षीची कानाची तपासणी तिने यंदा दोनदा पुढे ढकलली आहे.

काल संध्याकाळी तिचा मेसेज आला. सोबत एका जांभळ्या चॅलेंजरचा फोटो. 'ही पूर्ण जोरात असताना एक बारीक शिट्टी वाजते म्हणे. फोग्टना ऐकू येते, मला सापडत नाही. उद्या सकाळी आठला रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतोय. मफ काढून ऐकणार.'

मी तो मेसेज भास्करला वाचून दाखवला. कान जायला लागला की बारीक, उंच आवाज आधी जातात, घरघर शेवटपर्यंत ऐकू येते, एवढं मीही वाचलंय. म्हणून तर इंजिनं तिला अजून कळतात आणि कुकर कळत नाही. जी शिट्टी आता तिच्या कानात शिरतच नाही, तिच्यासाठी ती उरलेला कान त्या इंजिनाच्या तोंडी देणार आहे.

"मी फोग्टना फोन करते," मी म्हटलं. नंबर माझ्याकडे आहे.

"कर. ते तिला त्याच दिवशी विजेच्या गाड्यांकडे हलवतील," भास्कर म्हणाला. "आणि ती रविवारी जेवायला यायची बंद होईल. सव्वीस वर्षांची आहे ती, साधना."

"मग काय, गप्प बसू?"

"गप्प बस असं कुठे म्हणालो? तिला सांग. रविवारी सांगायला हवं होतंस."

तो झोपला. त्याचं खरं होतं. वरणाकडे बघून तिला कळलं होतं, मला कळलंय हेही तिला कळलं होतं, आणि मी ताट वाढत बसले.

फोग्टना फोन करणार नाही. उर्जा सहाला उठते. सहाला तिलाच करणार, व्हिडिओवर, म्हणजे माझे ओठ दिसतील. सांगणार, चार झाल्या होत्या. ती चिडेल, फोन ठेवेल, मी पुन्हा करेन. सांगणार की आज दोन्ही मफ लाव, शिट्टी फोग्टना ऐकू दे, तू हात लाव. कुठे लावायचा ते तुला त्यांच्याहून जास्त कळतं, नऊ वर्षांची असल्यापासून कळतं. आणि तपासणीची तारीख आजच घे. मी बरोबर येईन, बाहेर बसेन, डॉक्टरांशी एक अक्षर बोलणार नाही.

पाच चाळीस झाले. आधी चहा टाकते, मग फोन.