अठ्ठेचाळीस मिनिटांची वाळू

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. जैन घरातली सून असूनही धर्मकर्मात मी कच्चीच. माझा नवरा सुमित तर हे पाहुण्यांना हसत हसत सांगतो.

मी जळगावात राहते, घरूनच व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं करते. मोबाईल हातात घेतला की तास कुठे जातो कळत नाही, म्हणून टायमर लावून काम करायचं ठरवलं — ठरावीक वेळ काम, मग विश्रांती. पण टायमर मोबाईलमध्येच... म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या!

तेव्हा सासूबाईंची वाळूची घडी, म्हणजे वाळूचं घड्याळ, आठवलं. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. रोज ती घडी उलटी करून त्या सामायिकाला, म्हणजे साधनेला बसायच्या. अठ्ठेचाळीस मिनिटं एकाच आसनावर, तोंडावर मुहपत्तीचं पांढरं कापड. वाळू संपेपर्यंत उठायचं नाही, संसाराचं काही बोलायचं नाही. एकदा दूध उतू गेलं तरी त्या हलल्या नव्हत्या.

सुमितला माझी कल्पना आवडली नाही. "पूजा, ती घडी उलटी केली की पूर्ण बसावं लागतं."

"रिटर्न भरणं ही तपश्चर्याच आहे," मी म्हटलं. आणि सासूबाईंच्याच खोलीत, त्यांच्याच आसनावर लॅपटॉप घेऊन बसू लागले. काम मात्र झपाट्याने होऊ लागलं.

मे महिन्यातली दुपार होती. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. हॉलमधला कूलर चालू होता. सकाळी त्याचा झटका लागला होता, पण वायरमन संध्याकाळी येणार होता आणि कूलर बंद करून राहवत नव्हतं. माझी चार वर्षांची मुलगी परी झोपलेली होती. मी घडी उलटी केली.

थोड्या वेळाने परी माझ्या दारावरून गेली. पाय ओले, हातात पाण्याचा मग. "मी कूलरमध्ये पाणी टाकते," म्हणाली.

मी उठायला गेले... आणि उठताच येईना. पायांना मुंग्या आल्या नव्हत्या, बोटं हलत होती. पण शरीर आसनावरून सुटत नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज नाही. हॉलमध्ये ओल्या पावलांचा आवाज येत होता. मग कूलर एकदम बंद पडला, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना.

वाळू अजून अर्धी होती. ती सगळी पडेपर्यंत मी तिथेच बसून रडत होते. माझी पोर गेली, असंच मी धरून चालले होते.

शेवटचा कण पडला आणि मी सुटले. हॉलमध्ये परी सोफ्यावर बसून बाहुलीशी खेळत होती. कूलरचा प्लग उपटलेला होता. तो बोर्ड माझ्या खांद्याइतका उंच आहे, परीचा हात तिथे पोचत नाही.

"मम्मा, तू मला उचललंस तेव्हा बोललीस का नाही?" तिने विचारलं.

आमच्या हॉलसमोरच्या गॅलरीत शेजारच्या, मूळच्या आसोद्याच्या अक्का धान्य निवडत होत्या. मी त्यांना विचारलं, आमच्याकडे कोणी आलं होतं का.

"कोनी नाही. तूच त उचललं तिले, मी पाह्यलं ना," अक्का म्हणाल्या. "पन घरात तोंडाले फडकं काहाले बांधलं व्हतं?"

सुमित म्हणतो, आईनेच वाचवलं. असेल, मीही हात जोडते. पण मग मला आसनावर धरून कोणी ठेवलं? डॉक्टरांना विचारलं, महाराजसाहेबांना विचारलं. उत्तर आजही नाही. घडी आम्ही जैन स्थानकात देऊन टाकली.

परवा परी पडली, गुडघा फुटला. मी दोन्ही हात पुढे केले. ती मला टाळून, माझ्या बाजूने पळत सासूबाईंच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आतून रडणं ऐकू येत होतं... मग ते हळूहळू थांबलं, कोणी जवळ घेतल्यावर थांबतं तसं. मी दाराबाहेर उभी होते. आत जायची माझी हिंमत झाली नाही.