दादूस आणि पंचवीस भोकांचा पोर्ट

दादूस कुठल्याही घरात शिरला की आधी कॉम्प्युटरच्या मागे जायचा. नमस्कार नाही, पाणी नाही, खुर्ची नाही. टेबल पुढे ओढायचं, गुडघ्यांवर बसायचं, खिशातली छोटी बॅटरी पेटवायची आणि मशीनच्या पाठीवरची भोकं बघत राहायचं. घरातली माणसं त्याच्या पाठीशी बोलत उभी. मग तो उठून निकाल द्यायचा, "चांगला हाय" किंवा "भिकार हाय". निकाल मशीनचा असला तरी ऐकणाऱ्याला तो घराण्याचा वाटायचा. महिन्याभरापूर्वी आणलेली चकचकीत मशीनं तर बहुतेक भिकारच निघत, कारण त्यांच्या पाठीवर दोन-चार यूएसबीच्या फटींपलीकडे काही नसे.

तो उरणकडच्या आगरी घरातला. वडिलांची मिठागरं होती, ती बंदरासाठी गेली आणि त्याच बंदरात दादूसला क्रेनच्या कंट्रोल पॅनेलवर नोकरी लागली. निवृत्त होऊन तो नवीन पनवेलशेजारच्या सुकापूरला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होता. त्यातली एक खोली मदरबोर्डांची. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती मोठी पाटी, जिच्यावर बाकी सगळे भाग बसतात. उरणजवळ करंजा बंदरावर बोंबील सुकत घालावेत तसे त्याने ते भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगले होते. त्याची बायको, वंदनाकाकी, त्या खोलीत केर काढायलासुद्धा जात नसे. अख्खं सुकापूर त्याला दादूस म्हणायचं, म्हणजे मोठा भाऊ. काही ओळख नसताना तो मला पहिल्या भेटीपासून "तू" म्हणाला. पुण्याहून लग्न होऊन नवीन पनवेलला आलेल्या मला ते थोडं टोचलं. नंतर कळलं की तो सगळ्यांनाच "तू" म्हणतो, डॉक्टरांनासुद्धा.

आमची गाठ पडली ती ब्रेलमुळे. अंध वाचकांसाठी पुस्तकं छापणारी एक खोली मी नवीन पनवेलमध्ये चालवते. कागदावर टिंबं उठवणारं आमचं यंत्र जुनं, पण दणकट. त्याची अट एकच: त्याला कॉम्प्युटरशी जोडणारी केबल जुन्या पॅरलल पोर्टमध्येच जाते, पंचवीस भोकांच्या त्या लांबोड्या पोर्टमध्ये. जुना कॉम्प्युटर मेला आणि नव्यांना तो पोर्टच नव्हता. दुकानदारांनी मधे लावायच्या निरनिराळ्या केबली दिल्या. यंत्राने टिंबं उठवली. आमची प्रूफरीडर सुनंदा जन्मांध आहे. तिने त्या कागदावरून बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "ही कुठली भाषा?"

शेवटी एका दुकानदाराने वैतागून सुकापूरचा पत्ता दिला. दादूस फोनवर "आलोच" म्हणाला आणि चार दिवसांनी आला, टॉवेलात गुंडाळलेला बोर्ड स्कूटरच्या पुढ्यात ठेवून. तासाभरात त्याने तो बोर्ड आमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसवला, केबल लावली. यंत्र खडखडलं. सुनंदाने पहिली ओळ बोटाने वाचून मोठ्याने म्हणून दाखवली. मी त्याचे आभार मानायला लागले तर तो म्हणाला, "माझे कसले? जेनी हा पोर्ट ठेवला त्याचे मान." मग कडवटपणे पुढे म्हणाला, "एक पोर्ट आला नि आमचं मीठ गेलं. आता हा पोर्ट पन काढतात. जेला गरज नाय तोच ठरवतो, काय ठेवायचं नि काय काढायचं."

असा माणूस मिळाल्यावर मी निश्चिंत व्हायला हवं होतं. झालं उलटंच. पुढची पाच वर्षं मी त्याच्यावर जेवढी चिडले तेवढी कोणावर चिडले नसेन. तो वेळेवर कधी आला नाही. डब्याचं झाकण कधी लावलं नाही, "हवा लागू दे" म्हणायचा, आणि धूळ मात्र मी पुसायची. काय केलं ते लिहून ठेवायचा नाही. मी वही पुढे केली की म्हणायचा, "मी हाय ना." मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की हळूच काढून घ्यायचा. शिकवा म्हटलं की दोन तास बोलायचा, त्यातली पहिली पाच मिनिटं मला कळायची.

त्याचा खरा नाद होता वेग वाढवण्याचा. प्रोसेसरवर कंपनीने जो वेग लिहिलेला असतो, तो दादूसच्या मते भेकडाचा वेग. सेटिंगमध्ये जाऊन तो थोडा थोडा वाढवायचा, मशीन बंद पडलं की एक पायरी मागे यायचं आणि तिथे थांबवायचं. "दम हाय त्यात, ताई. तू त्याला बसवून ठेवतेस." वेग वाढला की मशीन तापतं. एकदा घरचं मशीन थंड ठेवायला त्याने करंज्याहून मासळीचा बर्फ थर्माकोलच्या पेटीत आणला. खोलीभर पापलेटचा वास सुटला, बोर्डावर दव जमलं आणि सगळं बंद पडलं. काकीने दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. दादूसने बोर्ड गच्चीवर सुकवला आणि तिसऱ्या दिवशी तो खरोखर सुरू झाला. "मेला नवता, दमला होता," हे त्याने आम्हा सगळ्यांना फोन करून सांगितलं.

घरी त्याने काय हवं ते करावं. आमच्या मशीनच्या वेगाला हात लावू नका, हे मी त्याला निदान दहा वेळा सांगितलं होतं. टिंबं उठवणारे हातोडे त्यांच्या चालीनेच चालणार, कॉम्प्युटर कितीही पळाला तरी पान काही लवकर निघत नाही. प्रत्येक वेळी त्याने मान डोलावली.

त्या वर्षी सुनंदा कायद्याच्या परीक्षेला बसली होती. करारांच्या कायद्याचं पुस्तक आम्ही तिच्यासाठी चार खंडांत तयार करत होतो. मोबाइल वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, असं तिला पुष्कळ जण विचारत. ती म्हणायची, "कानाने ऐकलेलं कलम पोटकलमासकट आठवत नाही. बोटाने वाचलेलं आठवतं." पहिले दोन खंड छापून झाले होते. उरलेले दोन मशीनमध्ये होते, सहा महिन्यांच्या टायपिंगचे, सुनंदाने ओळ न् ओळ तपासलेले. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ही चूक माझी, आणि ती मी आजही कबूल करते.

एका दुपारी मी बँकेत गेले होते. दादूस मशीनचा पंखा साफ करायला म्हणून आला आणि त्याने वेग वाढवला. त्या जुन्या बोर्डावर सगळ्या भागांचा ठेका एकच असतो, प्रोसेसर पळवला की हार्ड डिस्कलाही त्याच ठेक्यावर पळावं लागतं. तिला ते झेपलं नाही आणि ती चुकीचं लिहीत सुटली. मी परतले तेव्हा दादूस पडद्यासमोर बसून होता. दोन्ही खंडांच्या फाइली उघडत नव्हत्या. त्याने संध्याकाळपर्यंत सगळे उपाय केले. एक पानही परत आलं नाही.

मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "तुम्हाला आमच्या पुस्तकांचं काही नाही. तुम्हाला खेळायला मशीन हवं होतं. यापुढे येऊ नका." त्याने वेग मूळ जागी आणला. डब्याला झाकण लावलं, पाच वर्षांत पहिल्यांदा, आणि चारही स्क्रू पिळून घट्ट केले. मग तो गेला.

शेजारच्या दुकानदाराने दुसरी डिस्क बसवून दिली. आम्ही दोन खंड पुन्हा टाइप करायला घेतले, पण परीक्षा आधी आली. सुनंदा अर्ध्या पुस्तकावर पेपरला बसली आणि त्या एका विषयात राहिली. दादूसने फोन केला नाही. मीही केला नाही. सुकापूरवरून रिक्षा जायची तेव्हा मी दुसऱ्या बाजूला बघायची.

फेरपरीक्षेला तीन आठवडे उरले आणि उन्हाळ्याची सुट्टी संपवून मी पुन्हा टाइप झालेले दोन्ही खंड छापायला मशीन लावलं, तर यंत्र ढिम्म. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता आणि सगळी सेटिंग्ज पुसली गेली होती. दुकानदाराने सेल बदलला, सेटिंगचे पडदे उघडून बघितले आणि हात वर केले. सुकापूरला न्या, म्हणाला. मी दोन दिवस फोन हातात घेऊन खाली ठेवत होते. शेवटी लावला तो काकीने उचलला. दादूसला दीड महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मला कळवलं का नाही, असं मी विचारलं. काकी म्हणाली, "तूच त्याला नको येऊ बोललीस ना?"

मी कॉम्प्युटरचा डबा रिक्षात घातला आणि सुनंदाला बरोबर घेऊन गेले. दादूस उशांना टेकून बसला होता. त्याच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, "नाय". भूक लागली तरी नाय, पाणी हवं तरी नाय. काकी स्वरावरून अर्थ लावायची. आम्ही डबा त्याच्या पलंगाशेजारी मांडला. सेटिंगचे पडदे उघडून मी एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. ही बदलू? "नाय." ही? "नाय." माझं बोट चुकीच्या बटणावर गेलं की तो डाव्या हाताने गादीवर थापटायचा. आयुष्यभर कोणाला स्क्रू ड्रायव्हर न देणाऱ्या माणसाला आता माझे अडाणी हात बघत बसावं लागत होतं. मीही रडकुंडीला आले होते. हेच पाच वर्षांपूर्वी वहीत दोन ओळी लिहून झालं असतं. पॅरलल पोर्टच्या पानावर चार पर्याय होते. पहिल्या तिघांना तो "नाय" म्हणाला. चौथ्यावर गप्प राहिला. मी वळून पाहिलं, तर त्याचे डोळे मिटलेले होते आणि थापटणारा हात स्थिर होता. मी तोच पर्याय नोंदवून ठेवला. पुढचं पान वेगाचं होतं. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "नाय."

सुनंदा इतका वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर होती. निघताना तिने चाचपत त्याचा हात धरला आणि म्हणाली, "दादूस, मी राहिले ती माझा अभ्यास कमी पडला म्हणून." दादूस म्हणाला, "नाय." ती पुन्हा तेच म्हणाली. तो पुन्हा म्हणाला, "नाय." या नायचा अर्थ काकीला लावावा लागला नाही.

खोलीवर येऊन केबल जोडली आणि यंत्र खडखडू लागलं. मी काकीला फोन करून तो दादूसच्या कानाशी धरायला सांगितला. एक पान झालं, दुसरं झालं. मी फोन ठेवू का विचारलं तर काकी म्हणाली, "राहू दे. आयकतोय तो."

तिसरा खंड तपासून छापण्यात बरेच दिवस गेले. शनिवारी सकाळी दादूस गेल्याचा फोन आला तेव्हा चौथा अख्खा बाकी होता आणि सुनंदाचा पेपर सोमवारी होता. कागद सतत अडकत होता, यंत्रापाशी कोणीतरी उभं राहायलाच हवं होतं. मी सुकापूरला गेले नाही. दिवसभर पानं काढत राहिले आणि दिवसभर त्याच्यावर चिडत राहिले, की इतकं सगळं डोक्यात घेऊन हा माणूस निघून कसा गेला.

सुनंदा त्या विषयात पास झाली. निकाल सांगायला मी काकीकडे गेले. अंत्यविधीला न आल्याबद्दल काहीतरी बोलायचं म्हणून मी शब्द जुळवत होते, पण काकीने मला बसूच दिलं नाही. "मला काय त्यातलं कलतंय, त्यालाच सांग," म्हणाली आणि दादूसच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभं केलं. मला अवघडल्यासारखं झालं. हात जोडावेत तर ते त्याच्यासमोर कधी जोडले नव्हते.

मी म्हटलं, "पास झाली. पण त्या फाइली तुम्ही उडवल्यात, ते मी विसरलेले नाही."

मागे काकी हसली. तो आजारी पडल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "अशीच बोल त्याच्याशी. बाकी सगले येऊन नुसते रडतात."