घासून आणू नका!

किस्से गोळा करायला आम्ही कुठे जात नाही, ते आपणहून पिशवीत बसून येतात. मी विमानांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, आता रिटायर. कांबळे सर तिथलेच ड्राफ्ट्समन. दर रविवारी सकाळी आम्ही बेगडेवाडीला सलीमभाईंच्या भंगाराच्या दुकानात बसतो आणि लोकांनी आणलेला तुकडा कुठल्या जुन्या लष्करी विमानाचा, ते ओळखून देतो. फुकट. चहा सलीमभाईंचा.

*

वराळ्याचे एक गृहस्थ रिक्षातून 'लढाऊ विमानाचा बॉम्ब' घेऊन आले. सोसायटीच्या गेटवर लावायचा होता. कांबळे सरांनी चष्मा लावून बघितलं आणि हळूच सांगितलं की हा विहिरीतला पंप आहे.

गृहस्थ खाली बसले. म्हणाले, "बाहेर बोलू नका हो. मी मीटिंगमध्ये भाषण केलंय!"

*

लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याकडे मात्र खरा माल होता, कॉकपिटमधलं उंची दाखवणारं घड्याळ. पण साहेबांनी ते असं चकाचक केलं होतं की रंग, नंबर, तपासनिसाचा शिक्का, सगळं साफ! अहो, त्यावरूनच तर ओळखायचं असतं. मी जाम वैतागलो. ते म्हणाले, दुसऱ्याकडे न्यायची वस्तू मळकी कशी न्यायची?

मग सलीमभाईंनी दारावर पाटी लावली, 'घासून आणू नका'.

पुढच्या रविवारी दोन बायका तांब्याचे हंडे घेऊन हजर. "हितं तुमीच घासून देता न्हवं?"

*

तिकोणा पेठेच्या मावशी आल्या त्या दुधाच्या पातेल्यावरचं झाकण घेऊन. नवरा आमच्यासारख्याच एका वर्कशॉपात मजूर होता. हे लढाऊ विमानाचं झाकण आहे, असं तो जन्मभर सांगत राहिला आणि गाव त्याला 'पायलट' म्हणून चिडवत राहिलं. यंदा तो गेला. तो खोटं बोलत होता का, एवढंच मावशींना हवं होतं.

झाकण राखेनं घासून आरशासारखं झालेलं. माझा चेहरा पडला. कडेची भोकं स्क्रूची वाटत होती, पण नुसत्या भोकांवर काय सांगणार?

तेवढ्यात सलीमभाईंचं बोट धरायला मधे ठोकलेल्या पट्टीवर थांबलं. "मावशी, पट्टी काढू का? झाकण मोडेल कदाचित."

"काढा."

त्यांनी चार रिव्हेट उडवले. पट्टीखाली राख पोचली नव्हती. हिरवा रंग, शिक्का आणि अख्खा नंबर! कांबळे सरांनी तो आपल्या जुन्या नंबरांच्या वहीशी दोनदा ताडून पाहिला. विलायती बनावटीचं लढाऊ विमान, पंखाखालचं झाकण. मी मावशींना तसं सांगितलं.

मावशी बराच वेळ त्या नंबरवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, कागदावर लिहून द्या, गावात सगळ्यांसमोर वाचून घ्यायचंय. सरांनी त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं आणि खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या.

"आजून एक वळ लिवा," मावशी म्हणाल्या. "बायको बी हसायची. आन् तितं माजा आंगठा घ्या."