अक्काची डुकरं

दुपार कलतेय. मी शेडच्या भिंतीला टेकून बसलेय आणि झोप पापण्यांपर्यंत येऊन तिथंच थांबलीय. समोर नवी मादी तोंडात पेंढा धरून कोपऱ्यात नेते, पसरते, पुन्हा उचलते. वीण जवळ आली की डुकरीण असं अंथरूण करते. हे मला अक्कानं शिकवलं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, केराबाई. गावाबाहेरच्या या माळावर डुकरांचा फार्म तिनंच उभा केला. गेल्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली.

मी डोळे मिटते की उघडते, कळत नाही. अक्का मादीपाशी उकिडवी बसलीय आणि तिच्या पोटावरून हात फिरवतेय.

"दूध उतरलंय," ती म्हणते. "आज विणंल ही."

"कवा आलीस, अक्का?"

"आत्ताच. भिंतीला लोखंडी दांडी लावलीस का? नायतर लोळताना पिल्लं खाली चेंगरत्यात."

"लावलीय."

"आन् नर कुठला?"

"लांबच्या गावचा दावला. आपल्यातलाच वापरला तर वाण बिघडतंय म्हनायचीस ना तू."

ती मान हलवते. तिचा चेहरा मला नीट दिसत नाही. पाण्याखालून पाहिल्यासारखा तो हलतो, पण आवाज तिचाच आहे, जरासा घोगरा.

"बाकीची कुठंयत गं?" ती विचारते. "लई शांत वाटतंय."

ती उठते आणि चालू लागते. मी मागून जाते. शेडमधली वाट लांबत जाते, दोन्ही बाजूंना कप्प्यांच्या जागी खाटा आहेत, लाल घोंगड्या आहेत. हा दवाखान्यातला वॉर्ड आहे, अक्का शेवटी इथंच होती. प्रत्येक खाटेखाली खाण्याचं टोपलं ठेवलंय आणि प्रत्येक टोपलं कोरडं आहे. अक्का वाकून वाकून बघते.

"बुटकी कुठाय?"

बुटकी ही तिची पहिली मादी. गावात मोकाट फिरणारी डुकरं सोडून तिनं ती विकत आणली, तेव्हा सगळे हसले होते. बुटकीनं एकाही विणीत पिल्लू दगावू दिलं नाही. अशक्त पिल्लाला अक्का स्वतः पुढच्या सडाला लावायची, तिथं दूध जास्त असतं म्हणून. बुटकी तोवर हलायची नाही. तिच्याच लेकी-नातींनी हे शेड भरलं होतं.

"अक्का, ऐक ना," मी म्हणते.

"तू आधी बुटकी दाव."

आम्ही ओढ्याच्या काठावर उभ्या आहोत. पायाखालची माती भुसभुशीत आहे, तिच्यात पांढरा चुना मिसळलेला दिसतो. इथं काही उगवलेलं नाही. आता सांगावंच लागणार.

"तू गेलीस, त्याच्यामागं डुकरांचा ताप आला. खालच्या वस्तीवरची मरायला लागली. मग साहेब लोक आले. म्हनले, औषध नाही, आसपासची सगळीच मारावी लागतील."

"आपली आजारी होती?"

"नाही. चांगली होती. बुटकी सुईलासुद्धा हलली नाही. तिला वाटलं, नेहमीचीच सुई. सगळी इथंच पुरली."

अक्का खाली बसते आणि चिमूटभर माती बोटांत चुरते. ती रडत नाही. मीच रडते. घरचे म्हणतात ते सगळं मी तिला सांगते: आता पुरे, शेड पाडा, दुसरं काहीतरी बघा. ही एक मादी मी कुणालाही न विचारता आणलीय. पुन्हा ताप आला तर मला ते बघवणार नाही.

"मला ठावं हाय सगळं," ती म्हणते. "ती समदी माझ्याकडंच आली की. एका दिवसात. मी दारात उभी होते, तर माळ भरून चाललेली दिसली. म्होरं बुटकी."

"मग मला का विचारलंस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

आता आम्ही शेडमध्येच आहोत, भिंतीला टेकून, शेजारी शेजारी. अक्कानं एक रिकामं पोतं ओढून घेतलंय आणि त्यावर ती पाय पसरून बसलीय, दमून आल्यासारखी.

"लंके," ती हळू म्हणते, "तिकडं आता जागा नाही गं. माझे दोन हात कुठवर पुरतील? हिला धाडू नको."

"माझ्या हातात हाय का ते?"

मादी लांब सुस्कारा सोडते आणि आडवी होते.

त्या आवाजानं मी जागी होते. उन्हं उतरलीत. मादी कुशीवर पडलीय, तिच्या पोटावरून कळ सरकतेय, आणि मागं पेंढ्यात काहीतरी ओलं, गुलाबी हलतंय. मी उठायला म्हणून बाजूला हात टेकते. हात पोत्यावर पडतो. मी तर उघड्या फरशीवर बसले होते.

पोतं चांगलं ऊबदार आहे, मधोमध दबलेलं. कडांकडून ते गार होत चाललंय. पिल्लाकडं जायला हवं. तरी ऊब जाईतोवर मी हात उचलत नाही.