मिरची आणि तेराचा पाढा

मिरची कांडल्याचा वास आला, की निजामाच्या राज्यातलं आमचं भूमचं अंगण आठवतं. धाकटी बहीण वर्गात एका जागी बसत नसे, पाढेही विसरायची. "ही डोक्यानं कमी आहे, पाठवू नका," गुरुजींनी आईला सांगितलं. आईला अक्षर येत नव्हतं, पण लेकीवर तिचं बारीक लक्ष होतं. ती म्हणाली, "गुरुजी, तिचे हात चालले की डोस्कं चालतंय. घरी येऊन बघा तुमी." ते आले. बहिणीनं उखळात मिरची कांडत, मुसळाच्या ठोक्याठोक्याला तेराचा पाढा बिनचूक म्हटला. गुरुजी शिंकत शिंकत म्हणाले, "उद्यापासून पाठवा. हात हलवीना का वर्गात. मिरची तेवढी घरीच ठेवा." मी गप्प बसायची, म्हणून मला हुशार म्हणायचे. तेराचा पाढा मला अजून येत नाही.