आडवं पडलेलं फाटक

शिनोलीच्या वरच्या डोंगरातल्या एका रिसॉर्टने मे महिन्यात डोंगरवाटेवर पळण्याची शर्यत ठेवली होती. त्याच रिसॉर्टने वाडीची जुनी पायवाट लोखंडी फाटक लावून दोन वर्षं अडवली होती. हिरड्याची ओझी घेतलेल्या बायांना सगळ्या डोंगराला वळसा घालावा लागे. शर्यतीपुरतं मात्र फाटक उघडलं.

शर्यतीत माझ्यासोबत पळणारी एक बाई त्याच वाडीतली, चाळिशीची. लुगड्यावर नंबर टाचलेला, पायांत साध्या चपला. चढावर दोन्ही हात पाठीमागे बांधून ती भारी बूटवाल्यांना मागे टाकत होती. मला धापा टाकताना पाहून म्हणाली, "तोंड मिटून चढा भाऊ, दम पुरंल."

फाटकापाशी ती सगळ्यांच्या पुढे होती आणि तिथेच थांबली.

"मावशी, पळा की! पहिल्या याल!" मी ओरडलो.

"पहिली यीन, पर उद्या ह्ये फाटक परत बंद हुईल. तुमी ती बाजू धरा."

रखवालदार शर्यत बघायला खाली गेला होता. आम्ही दोघांनी फाटक बिजागऱ्यांवरून उचललं आणि कुंपणालगत वाट तोडून खणलेल्या चरावर पुलासारखं आडवं टाकलं. तोवर कितीतरी जण पुढे गेले. मागून आलेले सगळे त्या फाटकावरूनच धाडधाड पळत गेले.

खाली माइकवाला म्हणाला, "मावशी, जरा उशीर झाला!"

पदराने घाम पुसत ती हसली. "जरा न्हाई राव, दोन वर्सं झाला."

ती वाट खुली व्हावी म्हणून मीही पत्रकं वाटली होती, पण फाटक हललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हिरड्याची ओझी घेऊन बाया त्याच फाटकावर पाय देऊन उतरल्या, आणि रखवालदार बाजूला सरला.