आधी मुंबई, मग तुझं

हात मी पुढे केला होता. डोक्यावरची टोपी काढून, उजवा हात, तळवा उघडा. त्याने त्या तळव्यावर आपला चेंडू ठेवला. चिखलाने माखलेला.

"धुऊन आण," म्हणाला.

आणि वळला. सावलीत वेताच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांकडे गेला. तिथे सगळ्यांशी हात मिळवला. एकेकाशी. हसत.

मी त्याचा नोकर नव्हतो. सकाळपासून त्याच्याबरोबर खेळत होतो. स्पर्धेत, एका जोडीत, पण खेळ ज्याचा त्याचा. गोल्फमध्ये शेवटचा चेंडू भोकात गेला की टोपी काढायची आणि बरोबरच्या खेळाडूशी हात मिळवायचा. हरलेला असो की जिंकलेला. हा रिवाज मी क्लबातच शिकलो होतो. याच लोकांकडून.

चेंडू मी धुतला नाही. गवतावर ठेवला आणि निघालो.

तो क्लब तेव्हा शहराच्या समुद्राकडच्या अंगाला होता. नाव घेत नाही. आता तिथे इमारती आहेत. माझा मामा तिथे गवत कापायला होता, त्याच्यामुळे मी आत शिरलो. आधी साहेबांच्या बॅगा उचलल्या. मग कोणीतरी टाकून दिलेल्या काठीने खेळायला शिकलो. विशी ओलांडली तेव्हा क्लबाच्या पगारावर साहेब लोकांना खेळ शिकवत होतो. अशा माणसाला 'प्रो' म्हणतात. शब्द रुबाबदार. पण प्रोने क्लबाच्या इमारतीत पाय ठेवायचा नाही. चहा मागच्या दारी, भटारखान्याजवळ. माझा कप वेगळा, खिळ्याला अडकवलेला.

चेंडू धुवायला देणारा तोसुद्धा प्रोच. पैसे घेऊनच खेळायचा. पण गिरगावातल्या बड्या घरातला, विलायतेत खेळून आलेला. त्याला आत टेबल होतं. त्याचंही नाव घेत नाही. आमच्या चाळीत त्याला भाऊसाहेब म्हणायचे.

हो, चाळीत. वरळीच्या बीडीडी चाळीत गोल्फ कशाशी खातात ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण भाऊसाहेब ठाऊक होता. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. फाउंटनला गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, गिरणगावातल्या भिंती घोषणांनी भरल्या होत्या. आणि हा मराठी माणूस साहेबांच्या खेळात साहेबांना हरवत होता. वर, मुंबई महाराष्ट्राचीच, असं पेपरात छातीठोक सांगत होता. त्याचा फोटो माझी बहीण शांता हिने कापून आरशाच्या कडेला खोचला होता. त्याच आरशात बघून मी रोज भांग पाडायचो.

त्या संध्याकाळी घरी आलो तर खोलीत जत्रा. दुसऱ्या दिवशी स्पर्धेचा शेवटचा खेळ. बाहेरच्या लोकांना दोरीपलीकडे उभं राहून बघायला मुभा होती. बाबांनी गिरणीतून सुट्टी टाकलेली. शेजारचे सावंतकाका हार आणायला निघालेले. दोन हार. एक भाऊसाहेबाला, एक मला.

सावंतकाका मालवणकडचे. विणकाम खात्यात. बाबा रिंग खात्यात, सूतकताईला. बाबांना विणकामात कधीच घेतलं नसतं. मागावरच्या धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागायचा. आमच्या माणसाचं तोंड लागलं तर बाकीचे बाटणार. सावंतकाकांना हे माहीत होतं, बाबांनाही. बोलायचं कोणी नाही. तरी मोर्चात दोघे बरोबर असायचे. लाठीमारात सावंतकाकांचा पाय मोडला तेव्हा बाबांनी त्यांना पाठुंगळीला घेऊन इस्पितळ गाठलं होतं. तेव्हा कोणी बाटलं नाही.

"आपलो माणूस खेळता, बघूक नको?" सावंतकाका म्हणाले. "आणि तू बरोबर! साहेबांका दाखवा म्हणावा!"

चेंडूची गोष्ट मी पोटातच ठेवली. जेवलो आणि झोपलो.

सकाळी सगळे आले. बाबांनी धुतलेलं धोतर, कडक टोपी. सावंतकाका लंगडत. शांताच्या हातात तो आरशाचा फोटो आणि शेजारणीकडून मागून आणलेलं पेन. तिला सही हवी होती.

खेळ सुरू व्हायच्या आधी भाऊसाहेब दोरीपाशी सह्या देत उभा होता. शांता रांगेत लागली. तिची पाळी आली. तिने पेन आणि फोटो पुढे केला. मी पाच हातांवर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"कुठून आलात?"

"वरळीहून. बीडीडी चाळ."

"अरे वा. आडनाव काय?"

शांताने आडनाव सांगितलं. ठसक्यात. शाळेत हजेरी देतात तसं.

त्याने फोटो परत केला. "पेन चालत नाही हे."

शांता बाजूला झाली. मागच्या बाईने वही पुढे केली. पेन अजून त्याच्याच हातात होतं. त्याच पेनाने त्याने त्या बाईला झोकात सही दिली. मग पेन दोरीवरून खाली टाकलं. शांताने वाकून उचललं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिला वाटत होतं मी बघितलेलं नाही.

खेळ सुरू झाला. माझे फटके वाकडे जायला लागले. डोकं तापलं की खांदे आखडतात, आणि खांदे आखडले की चेंडू ऐकत नाही. आमची माणसं दोरीपलीकडून आमच्याबरोबर चालत होती. माझा फटका चांगला बसला की टाळ्या. भाऊसाहेबाचा बसला तर जास्त टाळ्या. सावंतकाका तर ओरडायचे, "वा भाऊसाहेब!" तो एकदाही तिकडे वळला नाही. क्लबातल्या एका मडमेने नुसती मान हलवली तरी टोपीला हात लावायचा.

दुपार झाली. भाऊसाहेबाचा चेंडू भोकापासून हातभर अंतरावर. सोपा. तो वाकला. सगळे गप्प. आणि सावंतकाकांना खोकला आला. कापसाचा खोकला. गिरणीत जन्म काढलेल्या माणसाचा. तो दाबता येत नाही. दाबला की दुप्पट येतो.

चेंडू भोकाच्या कडेने निघून गेला.

भाऊसाहेब ताठ उभा राहिला. "ही गिरणीतली घाण इथे कोणी सोडली?"

सावंतकाका खोकतच होते. तोंडावर उपरणं धरून. डोळ्यांत पाणी.

मग तो माझ्याकडे वळला. "तुझीच ना रे ही माणसं? हाकल त्यांना."

मी काही बोलायच्या आत बाबा पुढे आले. दोरीपाशी. त्यांनी टोपी काढली, काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले. कमरेत वाकले.

"चुकलं साहेब. जातो आम्ही."

दीक्षा घेऊन वर्ष उलटलं होतं. दीक्षेनंतर बाबांनी कोणापुढे हात जोडले नव्हते. मुकादमापुढे नाही, पोलिसापुढे नाही. आईने देव उचलले तेव्हा बाबा म्हणाले होते, आता वाकायचं फक्त बुद्धापुढे. आणि आता वाकले होते. खोकला त्यांचा नव्हता. चूक कोणाचीच नव्हती. माझं काम जाऊ नये म्हणून वाकले होते.

मी काठी खाली ठेवली. आवाज माझाच होता, पण मला अनोळखी.

"बाबा, हात खाली करा."

बाबांनी वर बघितलं.

"हात खाली करा, बाबा. कोणी कुठे जात नाही." मग मी त्याच्याकडे वळलो. "तुमचा फटका चुकला. त्याला माझी माणसं काय करणार? बघायला आलीत ती. तुम्हाला बघायला आलीत."

भाऊसाहेब लालबुंद झाला. त्याने काठी जमिनीवर आपटली. क्लबाचा सेक्रेटरी धावत आला. तो हिंदीत बोलायचा माझ्याशी.

"माफी माँगो. अभी."

"नहीं माँगेगा."

"तो कल से काम पे मत आना."

"नहीं आएगा," मी म्हणालो. "लेकिन आज का खेल पूरा करेगा."

त्याला मला बखोटीला धरून काढायचं होतं. पण पेपरवाले उभे होते. दोरीपलीकडून कोणीतरी "खेळू द्या!" ओरडलं, मग अजून कोणी. सेक्रेटरी मागे सरला. मी खेळलो. वाईट खेळलो. हरलो. जिंकलो असतो तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. भाऊसाहेब जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो, चषकासकट. मराठी माणसाची मान उंचावली, वगैरे.

परत निघालो. हार दोन्ही तसेच पिशवीत. वरळी नाक्याला आल्यावर सावंतकाका म्हणाले, "माका नाय बोललो तो. तुमका बोललो."

बाबांनी नुसतं "हां" म्हटलं.

काम गेलं. दुसऱ्या क्लबांकडे गेलो तर तिथेही दार बंद. एकमेकांना फोन करतात ही माणसं. शेवटी बाबांच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. रिंग खात्यात. दुसरीकडे घेणार कोण?

पुढे परळच्या मैदानात संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा ठरली. आमच्या बाजूची व्यवस्था दळवी मास्तरांकडे. शाळामास्तर, खादीवाले, मनाने चांगले. चाळीत सगळे त्यांना मानायचे, मीही. आदल्या दिवशी ते घरी आले. म्हणाले, सभेला भाऊसाहेब येणार आहेत. त्यांचा सत्कार आहे. हार तू घालायचा.

"मी?"

"खेळाडूच्या हातून खेळाडूचा सत्कार. फोटो येईल. गिरगाव आणि गिरणगाव एका व्यासपीठावर."

मी त्यांना सगळं सांगितलं. चेंडू, पेन, बाबांचे हात. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा काढून पुसला.

"वाईटच झालं. पण आत्ता हे काढू नकोस रे. एकी फुटेल. आधी मुंबई मिळू दे. मग तुझं बघू."

"मास्तर," मी म्हणालो, "माझं वेगळं आणि तुमचं वेगळं आहे का?"

मास्तर चष्मा लावून उठले. "उद्या ये," एवढंच म्हणाले.

मी गेलो. मैदान भरून सांडलं होतं. बाबा पुढे बसले होते, शेजारी शांता. माझं नाव पुकारलं. वर गेलो. मास्तरांनी झेंडूचा हार माझ्या हातात दिला. भाऊसाहेब उठला. पांढरा सदरा, हात जोडलेले, मान किंचित पुढे झुकलेली. मला ओळखलंच नाही त्याने. माझा चेहरा त्याने कधी बघितलाच नव्हता.

हार मी टेबलावर ठेवला. आणि माईकपाशी गेलो.

"या माणसाने माझ्या बहिणीचं आडनाव विचारलं आणि सही नाकारली," मी म्हणालो. "गिरणीतल्या माणसाच्या खोकल्याला घाण म्हणाला. माझ्या बापाला वाकायला लावलं. याला हार मी घालणार नाही. मुंबई मलाही हवी आहे. पण..."

माईक बंद झाला. कोणी बंद केला माहीत नाही. "खाली उतरवा त्याला!" मागून आलं. "काँग्रेसचा माणूस आहे!" असंही आलं. मी, काँग्रेसचा! दोघा स्वयंसेवकांनी माझे दंड धरले. मास्तर माईकच्या मागे मान खाली घालून उभे होते. कोणीतरी हार उचलून पुढे दिला. ज्याच्या हातात आला तो लंगडत पुढे झाला आणि त्याने भाऊसाहेबाच्या गळ्यात तो हार घातला.

सावंतकाका.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

मैदानाबाहेर बाबा आणि शांता माझ्या मागून आले. नाक्यापर्यंत चालत आलो. मग बाबा थांबले. "पोरा, तू बोललास ते खरं होतं. पण आता चाळीत राहायचंय आपल्याला."

"राहू," मी म्हणालो. "पण मी बोललो ते परत घेणार नाही. कोणी घ्यायला लावलं तरी."

शांता म्हणाली, "माझंही नाव सांग पुढच्या वेळी. नुसतं 'बहीण' म्हणू नकोस."

पुढच्या मोर्चाला मी गेलो. मागच्या मोर्चापेक्षा जोरात ओरडलो. मुंबई माझी आहे. माझ्या बापाच्या छातीत तिचा कापूस भरलाय, ती कोणाच्या मेहरबानीने माझी होणार नाही. राज्य येईल तेव्हा येईल. आलं की त्याच्या पहिल्या सभेत मी पुन्हा उभा राहणार. शांता आपलं नाव, आडनाव स्वतः सांगणार. माईक बंद केला तर गळ्याने बोलू. दंड धरले तर धरलेल्या दंडांनी. 'मग बघू' हे मी ऐकून घेतलं ते शेवटचं.